बोडीवर पाहुणे पक्षी यावेत म्हणून

भाऊ, वडिलोपार्जित बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, पाखरांसाठी राखायचं ठरवलंत, फार आनंद झाला. पहिल्या वर्षी तीनच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात आधी पाण्याची खोली. नवखा माणूस जेसीबी लावून बोडी सरसकट खोल करतो आणि इथंच चुकतो. थापट्या, तलवार बदक यांना वीत-दीड वीत पाणी लागतं, तुतारी या काठावरच्या छोट्या पाखराला तर नुसता ओला चिखल. एक काठ उतरता ठेवा. हिवाळ्यात पाणी जसजसं ओसरतं, तसतसा रोज नवा चिखल उघडा पडतो. सकाळी पाळीवर, म्हणजे बांधावर, गुपचूप बसा, त्या चिखलात शेपूट वरखाली करत किडे टिपणारी तुतारी दिसेल. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात हे होत नाही.

दुसरं, काठ 'स्वच्छ' करू नका. देवधान (रानटी भात), लव्हाळा राहू द्या. बेशरमाची झुडपं मात्र मुळासकट काढा.

तिसरं, शांतता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारीची जाळी, मोकाट कुत्री आणि फोटोवाले लांब ठेवा. दाणे, पोळ्या टाकू नका, पाणी सडतं.

शेजाऱ्यांशी आत्ताच बोला. राजहंस (पट्टकादंब) आले तर रात्री कोवळं पीक चरतात, तेव्हा भांडण नको.

खासगी जमिनीला कायद्याने सामुदायिक राखीव क्षेत्राचा दर्जा मिळू शकतो, पण ते नंतर बघू. सध्या एक वही करा: तारीख, पाण्याची पातळी, कोण आलं. पहिल्या हिवाळ्यात चार चक्रवाक उतरले तरी मला नक्की कळवा.