जर्मन क्रियापदं: वाचकांची तीच ती शंका

जर्मनमध्ये भविष्यकाळाचं स्वतंत्र रूप का नाही?

जर्मन आणि इंग्रजी जिच्यातून निघाल्या त्या मूळ जर्मानिक भाषेतच नव्हतं. प्रत्ययानं दाखवलेले काळ दोनच: वर्तमान आणि भूत. जर्मननं पुढे 'वेर्डेन' जोडून घेतलं, इंग्रजीनं 'विल'.

'ट्रिंकेन–ट्रांक–गेट्रुंकेन' (पिणं) ही रूपं अनियमित आहेत, सात दिवसांत यादी पाठ करून देतो, असं एक क्लास सांगतो. पैसे भरू का?

नका भरू. ही अनियमित नाहीत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनं त्यांना 'सबल' म्हटलं, कारण ती स्वर बदलूनच भूतकाळ करतात. 'फिंडेन–फांड–गेफुंडेन' (सापडणं) म्हणून पाहा, चाल तीच. गट सातच आहेत. आपल्या शिक्षकांकडून ते समजून घ्या.

संस्कृत 'वेद' आणि जर्मन 'वाइस' (जाणतो) एकच, म्हणजे जर्मन संस्कृतातूनच निघाली ना?

दर महिन्याला हे पत्र येतं, आणि दर वेळी आधार असतो तो व्हॉट्सॲपचा. शब्द एका मुळाचे आहेत, हे खरं. 'वेद' म्हणजे इथे ग्रंथ नव्हे, क्रियापद. संस्कृतात एकवचन 'वेद', अनेकवचन 'विद्म'. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत 'वाइट', 'विटुम'. रूप जुन्या भूतकाळाचं, अर्थ वर्तमानाचा. पाणिनीनंही विद् धातूला वर्तमानकाळात लिट्चे (परोक्ष भूतकाळाचे) प्रत्यय विकल्पानं दिले आहेत. आपण 'मला भूक लागली' म्हणतो तेव्हा भूक आत्ताच असते, तसंच हे. भूतकाळी रूपाला वर्तमानाचा प्रत्यय लागत नाही, म्हणूनच 'एर वाइस'ला (तो जाणतो) शेवटी 'ट' लागत नाही आणि इंग्रजी 'ही कॅन'ला 'स' लागत नाही.

पण म्हणून संस्कृत आई ठरत नाही. 'हेल्फेन–हाल्फ' (मदत करणं–केली) यातला स्वरबदल दोघींच्याही मूळ भाषेतल्या ए–ओ या जोडीचा. संस्कृतात हे दोन्ही ऱ्हस्व स्वर 'अ'मध्ये विरून गेले. आईकडे जे उरलंच नाही, ते लेकीकडे कुठून येणार? या बहिणी आहेत. व्युत्पत्ती पुढे पाठवण्याआधी व्युत्पत्तिकोश उघडा, किंवा भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारा.

इंग्रजीत 'वॉज'चं 'वेअर' का होतं?

अनेकवचनात मूळ आघात पुढच्या अक्षरावर होता, त्यामुळे 'स'चा 'र' झाला. १८७५ मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नरनं वैदिक स्वराघातांशी ताडून हा नियम लावला.

पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. भूतकाळासाठी पर्फेक्ट (सहायक क्रियापदाचं रूप) वापरू की प्रेटेरिटुम (साधा भूतकाळ)?

हे वर्षाच्या सुरुवातीला विचारायचं होतं. बोलताना पर्फेक्ट, लेखी कथनात प्रेटेरिटुम. 'वार' (होतो) आणि 'हाटे' (जवळ होतं) मात्र बोलण्यातही चालतात. 'गेगांगेन'च्या (गेलो) आधी 'हाबे' लिहीत असाल, तर आजच वही घेऊन शिक्षकांकडे जा. तिथे 'बिन' हवं.