हिप्पी, पक्ष आणि पंखवालं डुक्कर

प्रश्न असा आलाय की एक भाषांतर चाललंय आणि त्यात वाक्य आहे, "हिप्पी मूल्यं मुख्य प्रवाहातल्या पक्षीय राजकारणात बसतात का?" तर इथे 'बसतात' बरोबर की 'जुळतात', आणि हिप्पीला चांगला मराठी शब्द कुठला.

आधी माझा राग काढून घेतो. हल्ली कुणीही दाढीवाला झोळी अडकवून झाडं तोडू नका म्हणाला की लगेच 'हा हिप्पी'. परवा तर एका गृहस्थांनी चक्क निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाला हिप्पी म्हटलं, का तर त्याने शर्ट खोचला नव्हता. अहो, दारोदार पत्रकं वाटणारा, मतदारयादी चाळणारा, डिपॉझिट भरणारा माणूस हिप्पी कसा असेल? साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या जाती नांदत होत्या. बर्कले या विद्यापीठाच्या गावात चळवळीवाले, ते सभा घेणार, ठराव करणार, घोषणा देणार. आणि खाडीच्या या बाजूला, सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी मोहल्ल्यात हिप्पी, ज्यांना ठराव या शब्दाचीच झोप यायची. चळवळीवाल्यांना हिप्पी आळशी वाटायचे, हिप्प्यांना चळवळीवाले म्हणजे उलट्या बाजूचे सरकारी कारकून. १४ जानेवारी १९६७ ला गोल्डन गेट पार्कात दोघांना एकत्र आणायला मोठा मेळावा भरवला, तिथेच टिमथी लिअरी या एलएसडीचा प्रचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने ते प्रसिद्ध 'ड्रॉप आउट' सांगितलं, म्हणजे बाहेर पडा. आता बाहेर पडा हा ज्यांचा मंत्र त्यांना तुम्ही आत बसवायला निघालात.

असो. शब्दाकडे येतो.

'हिप' म्हणजे जाणता, आतली खबर असलेला. अमेरिकन बोलीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 'हेप' आणि 'हिप' दोन्ही सापडतात. पुढचं 'ई' हे लाडाचं किंवा हिणवायचं शेपूट, म्हणजे हिप्पी हा मूळचा टोमणा आहे, जुन्या जॅझवाल्यांनी आणि बीटनिकांनी (हिप्प्यांच्या आधीची, पन्नासच्या दशकातली बंडखोर मंडळी) नव्या पोरांना मारलेला, साधारण आपल्या 'दीडशहाणा'च्या जवळचा. (बीटनिकमधलं 'निक' स्पुटनिकवरून आलंय, हर्ब केन या सॅन फ्रान्सिस्कोच्या स्तंभलेखकाने १९५८ मध्ये चिकटवलं.) आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी लिहिलंच आहे की हिप हा पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला 'हिपी', अर्थ डोळे उघडणं, गुलामांबरोबर आफ्रिकेतून आला. ही भाषाभ्यासक डेव्हिड डॅल्बी यांची कल्पना, ऐकायला इतकी गोड की कोशांतसुद्धा शिरली. पण मधली शे-दीडशे वर्षं हा शब्द होता कुठे? कागदावर कुठेच नाही. शिवाय 'हेप'चं काय करायचं ते सांगा. कोशकार जेसी शाइडलोअर यांनी २००४ मध्ये या व्युत्पत्तीची व्यवस्थित हजामत केलीये, तरी लोक फॉरवर्ड करतातच. गोड आहे म्हणून व्युत्पत्ती खरी मानायची झाली तर मग संपलंच सगळं.

मराठी प्रतिशब्द शोधू नका. 'स्वच्छंदी', 'मुक्तजीवनवादी' वगैरे वाचून मला आकाशवाणीचं बातमीपत्र आठवतं. हिप्पी हा शब्द मराठीने कधीच पचवलाय, पुरावा हवा तर विभक्ती लावून बघा: हिप्प्याने, हिप्प्यांना, हिप्प्यांचं. अगदी तेली-तेल्याने, माळी-माळ्याने सारखं. बाई असेल तर हिप्पीण, माळीण-तेलिणीसारखी, आणि हे मी बनवत नाहीये, गोव्याच्या बाजूला हणजुण्याचा बाजार पाहून आलेल्या आमच्या मावशीच्या तोंडून ऐकलंय. आणि न्हाव्याच्या दुकानातला 'हिप्पी कट' तर सत्तरच्या दशकात अर्ध्या महाराष्ट्राच्या बापांनी पोरांना दिलेल्या शिव्यांमध्ये अमर झालाय. तेव्हा हिप्पी म्हणजे हिप्पी, पुढे चला.

खरी मजा 'पक्ष' मध्ये आहे आणि तिकडे कोणी बघतच नाही.

मला एकाने ठासून सांगितलं की पक्ष हा इंग्रजी 'पार्टी'चा अनुवाद, ब्रिटिश आले तेव्हा बनवला. साफ चूक. लग्नात वरपक्ष-वधूपक्ष काय व्हिक्टोरिया राणीने पाठवले? वादात पूर्वपक्ष-उत्तरपक्ष होतेच. उलट हे दोन शब्द मुळातच वेगळ्या स्वभावाचे आहेत. पार्टी हा लॅटिनमधल्या वाटणी करण्याच्या धातूवरून फ्रेंचमार्गे आलेला, म्हणजे कापून वेगळा काढलेला वाटा. रात्रीची पार्टी पण तोच शब्द बरं का. आणि पक्ष म्हणजे पंख! 'पंख' हा शब्दसुद्धा पक्षातूनच आलाय, छपराच्या उताराची बाजू म्हणजे पाख तीही त्यातलीच, पाखरू पण. पंधरवड्याला पक्ष म्हणतात कारण महिन्याचे दोन पंख, एक पांढरा एक काळा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या समानार्थी शब्दकोशात, पंखाचे शब्द एका दमात दिलेत, गरुत्, पक्ष, छद, पत्र, पतत्र. पत्र म्हणजे पान आणि पंख दोन्ही. (इथे मला राहवत नाही. त्या गोल्डन गेट पार्काच्या मेळाव्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारी १९६७ ला, गोव्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावर कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. ३४,०२१ मतांनी पानं जिंकली. तिकडे अमेरिकेत पोरं फुलाचं राज्य आणायला निघालेली आणि इकडे फूल पडलं, दोन पत्रं म्हणजे दोन पंख उडाले. संबंध काही नाही, पण मी हे गेली कित्येक वर्षं प्रत्येकाला सांगतोय.)

आता पुढे. पुराणातली गोष्ट माहीत असेलच, पूर्वी डोंगरांना पंख होते, उडायचे, वाटेल तिथे बसायचे, लोक चिरडायचे, मग इंद्राने वज्राने सगळ्यांचे पंख छाटले. एकटा मैनाक समुद्रात लपला म्हणून वाचला. कालिदासाने कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात या प्रसंगात इंद्राला शब्द काय वापरलाय? 'पक्षच्छिद्'. पक्ष तोडणारा! आपल्याकडे वर्तमानपत्रवाले 'पक्षफुटीचे शिल्पकार' असलं काहीतरी ओबडधोबड लिहितात, आणि इथे दीड हजार वर्षं हा शब्द धूळ खात पडलाय.

आणि पंख गेलेल्या त्या डोंगराचं न्यायशास्त्रात (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) काय झालं बघा. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतोय' हे तर्काचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण, त्यात ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं तो पर्वत म्हणजे 'पक्ष'. स्वयंपाकघर सपक्ष, कारण तिथे अग्नी नक्की असतो; तळं विपक्ष, कारण तिथे नक्की नसतो. म्हणजे ज्याचे पक्ष छाटले तोच शेवटी पक्ष झाला. धूर आहे म्हणजे अग्नी असणारच हा नियम हेट-ॲशबरीला लावला तर मात्र तर्कशास्त्र आडवं होईल, तिथे धूर भरपूर होता.

तर माझं म्हणणं असं की मराठीत हिप्प्याला सगळ्यात नेमका शब्द आपल्याकडे आधीच आहे, फक्त आपण तो निवडणूक आयोगाला देऊन बसलोय: अपक्ष. शब्दशः, ज्याला पक्ष नाही, बाजू नाही. आपला अपक्ष निकालाच्या रात्री कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नाही ती गोष्ट निराळी, तो शब्दाचा दोष नाही.

माझ्या या थिअरीला लोक हसतात. पण १९६८ बघा. ३१ डिसेंबर १९६७ ला न्यूयॉर्कमध्ये ॲबी हॉफमन या चळवळ्याच्या घरी मंडळी जमलेली, त्यात पॉल क्रॅसनर हा विनोदी लेखक 'यिप्पी' असं ओरडला, आणि मग त्या आरोळीला शोभेल असा लांबडा अर्थ बसवला, यूथ इंटरनॅशनल पार्टी. आधी आरोळी मग पक्ष. (यिप्पी ही हिप्पीची मुद्रणचूक नव्हे, कृपा करून 'दुरुस्त' करू नका, माझा एक लेख असाच खराब झालाय.) यिप्पी म्हणजे हिप्प्याने बाजू घ्यायची ठरवली तर काय होतं त्याचा नमुना. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, त्याच्या तोंडावर यिप्प्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी आपला उमेदवार जाहीर केला, एक जिवंत डुक्कर. पोलिसांनी डुकरासकट अटक केली. आणि डुकराचं नाव? पिगॅसस! पेगॅसस या ग्रीक पुराणातल्या पंखवाल्या घोड्यावरून. म्हणजे त्यांनाही कळत होतं की पक्ष काढायचा तर पंख लागतात, भले डुकराला का असेनात. याला मी योगायोग म्हणायला तयार नाही, तुम्ही म्हणा.

त्याच यिप्प्यांमधला जेरी रुबिन पुढे ऐंशीच्या दशकात सूट घालून वॉल स्ट्रीटवर गेला आणि बिझनेसवाल्यांच्या ओळखीपाळखीच्या पार्ट्या भरवू लागला. पार्टीवरून पार्टीवर. यप्पी, म्हणजे शहरातला तरुण, कमावता नोकरदार, हा शब्द गाजला त्यात त्याचाही वाटा आहे.

हां, तुमचा प्रश्न. बसतात का. लोक जेरी ब्राउनचं उदाहरण देतात, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला, आधीचा गव्हर्नर रेगन याच्या काळात बांधायला घेतलेलं आलिशान निवासस्थान नाकारलं, भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपायचा, साधी प्लिमथ गाडी. शिकागोचा स्तंभलेखक माइक रॉयको याने १९७६ मध्ये त्याला 'गव्हर्नर मूनबीम' नाव ठेवलं, चांदण्यातला गव्हर्नर, आणि ते आयुष्यभर चिकटलं, खुद्द रॉयकोने नंतर मागे घेतलं तरी. पण ती गादी हिप्प्याची नव्हे हो, ब्राउन तरुणपणी जेझुइट पाद्री व्हायला गेला होता, ती मठातली गादी आहे! साधेपणा दिसला की हिप्पी, हेच ते. त्यापेक्षा डेनिस पेरॉन घ्या. सॅन फ्रान्सिस्कोचा अस्सल गांजावाला, १९९६ मध्ये औषधी गांजाचा कायदा मतदानाने मंजूर करून घेण्यात पुढे होता, १९९८ मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन, हो रिपब्लिकन, पक्षाच्या उमेदवार निवडायच्या प्राथमिक फेरीत उभा राहिला, पडला. आणि २०१६ मध्ये गांजा सगळ्यांसाठीच कायदेशीर करायचा प्रस्ताव आला तेव्हा हाच गडी विरोधात! मागणी कायद्यात बसली, माणूस बसला नाही. पृथ्वी दिनाचंही तेच, १९७० मध्ये तो सुरू केला गेलॉर्ड नेल्सन या डेमोक्रॅट सिनेटरने, आणि त्याच वर्षी पर्यावरण संरक्षणाची सरकारी संस्था निघाली ती निक्सनच्या सहीने, ज्याच्या राज्यात केस वाढवलेल्या पोरांचे काय हाल होते ते सांगायला नको.

आता 'बसतात' की 'जुळतात'. 'जुळतात' लिहिलंत तर पत्रिका बघितल्यासारखं वाटतं, वरपक्ष-वधूपक्ष आलेच. 'बसतात'च ठेवा. एक कारण साधं, चौकटीत बसणं हे मराठीत पूर्वीपासून आहे. दुसरं माझं आवडतं. त्या १९६७ च्या मेळाव्याला त्यांनी नाव दिलं होतं 'बी-इन', म्हणजे नुसतं 'असणं', ते 'सिट-इन'वरून, म्हणजे आपल्या ठिय्यावरून, केलेली कोटी होती. चळवळीवाले मागणी घेऊन बसायचे, हिप्प्यांनी मागणी काढून टाकली आणि नुसतेच बागेत जाऊन बसले. तेव्हा हिप्पी बसतो, त्याबद्दल शंकाच नाही. फक्त तुमच्या वाक्यातलं 'पक्षीय' टाइप करताना सांभाळा, मसुद्यात तुमच्याकडून 'पक्षी राजकारणात' झालंय. मला विचाराल तर तसंच राहू द्या.