कॅरिबियनमध्ये बोटीशिवाय, किनाऱ्यावरूनच स्कूबा डाइव्हिंग करायला कोणतं बेट सोपं?

बोनेअर. पण तुम्ही प्रश्नात एक ओळ अशी लिहिली आहे की तिच्यामुळे उत्तर कुरासाओकडेही झुकू शकतं.

तुम्ही म्हणता, दोघांनीही अंदमानातल्या हॅवलॉकला ओपन वॉटर कोर्स (18 मीटरपर्यंत उतरू देणारा पहिला कोर्स) केलाय, त्यानंतर फारसे डाइव्ह झाले नाहीत, न्यू जर्सीत राहता, बोटीत बसलं की पत्नीला मळमळतं आणि तिचा एक गुडघा त्रास देतो. बोट लागण्याची अडचण बोनेअर पार मिटवून टाकतं. गुडघ्याची मात्र वाढवू शकतं. लोक बोनेअरला सोपं म्हणतात ते वेळापत्रकाच्या बाबतीत: पिकअप ट्रकमध्ये टाक्या भरायच्या, आवडेल तिथे थांबायचं, हवं तेव्हा उतरायचं, कुणी शिट्टी मारून बोलावत नाही. पाण्यात शिरतानाची पहिली दहा पावलं सगळीकडे सोपी नसतात, हे त्या कौतुकात राहून जातं.

आधी हे बेट असं का आहे ते बघा, म्हणजे कुठे राहायचं आणि कुठे उतरायचं ते आपोआप कळेल. बोनेअर व्हेनेझुएलाच्या उत्तरेला, अरुबा आणि कुरासाओच्या रांगेत आहे. तिथे जवळजवळ वर्षभर वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटत असतात आणि पश्चिम किनारा आडोशाला शांत पडलेला असतो. डाइव्हिंग जवळजवळ सगळं पश्चिमेला. किनाऱ्यापासून उथळ वाळूचा पट्टा सुरू होतो, त्यात पंख्यासारखे डुलणारे मऊ प्रवाळ असतात, आणि थोडं पोहून गेलं की साधारण 8 ते 10 मीटर खोलीवर उतार सुरू होऊन खाली जातो. बोटीने जायचं ते ठिकाण इथे दाराशी येऊन उभं आहे. बेटावर नद्या नाहीत, पाऊस बेताचा, म्हणून पाण्यात गाळ येत नाही. मालवण-तारकर्लीला ज्यांनी डाइव्ह केलाय त्यांना हा फरक लगेच जाणवेल. आपल्या कोकणात पावसाळाभर नद्या माती आणून ओततात आणि बऱ्याचदा हात लांब केला की बोटंच अंधुक दिसतात. इथे 20-25 मीटरवरचा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, स्वच्छ दिसतो. पाणी 26 ते 29 अंश, 3 मिलीमीटरचा सूट पुरतो.

आणखी एक मोठी गोष्ट म्हणजे ही बेटं चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाकीचं कॅरिबियन आभाळाकडे बघत बसलेलं असतं तेव्हाही इथे बहुधा डाइव्ह चालू असतात. बहुधा म्हटलं, कारण 1999 च्या नोव्हेंबरमध्ये लेनी नावाचं वादळ उलटं, पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलं आणि त्याच्या लाटांनी याच शांत किनाऱ्यावरचे उथळ प्रवाळ मोडले. छोट्या प्रमाणात वारा उलटण्याचे दिवस अधूनमधून येतात. त्या दिवशी सरळ सुट्टी घ्यायची आणि दक्षिणेला मिठागरांवर फ्लेमिंगो बघायला जायचं.

आता गुडघ्याकडे येते. बोनेअरचा किनारा म्हणजे पांढरी मऊ वाळू नव्हे. बऱ्याच ठिकाणी मृत प्रवाळांचे तुकडे, गोटे, आणि पाण्याच्या कडेला खडबडीत, धारदार चुनखडी. पाठीवर टाकी, कमरेला वजनं, पायाखाली हलणारे गोटे आणि मागून लाट. धडधाकट माणूसही इथे तोल जाऊन बसतो. म्हणून जाड तळव्याचे बूट आणि त्यावर चढवायचे पट्ट्याचे फिन्स घ्याच. हॅवलॉकला भाड्याने मिळालेले, अनवाणी पायात घालायचे फिन्स इथे उपयोगाचे नाहीत. बीसीडी (हवा भरून तरंगवणारं जाकीट) फुगवलेला, रेग्युलेटर (टाकीतली हवा घ्यायची नळी) तोंडात, एकमेकांचा हात धरून, पाय घासत जायचं. पाणी छातीपर्यंत आलं की तरंगायचं आणि मग फिन्स घालायचे. गुडघाभर पाण्यात वाकून फिन्स घालत बसणारे तुम्हाला रोज दिसतील. त्यांचं अनुकरण करू नका. खाली हात टेकू नका, कारण अग्निप्रवाळ, सागरी साळिंदर आणि दगडासारखा दिसणारा विंचूमासा, तिन्ही उथळ पाण्यातच असतात. हातमोजे घालून हा प्रश्न सुटेल असं वाटलं तर तेही नाही, बेटाभोवतीच्या संरक्षित सागरी उद्यानात हातमोज्यांना बंदी आहे. मोजे नसले की माणूस प्रवाळाला हात लावत नाही, हा त्यामागचा साधा हिशेब. मला तो पटतो.

पत्नीसाठी माझा ठोस सल्ला असा: स्वतःचा धक्का असलेलंच हॉटेल घ्या, आणि त्या धक्क्याला पाण्यात उतरणारी शिडी आहे का ते बुक करण्यापूर्वी लिहून विचारा. क्रालेन्डाइक गावाच्या उत्तरेला अशी बरीच हॉटेलं आहेत आणि प्रत्येकाच्या समोरच चांगली रीफ, म्हणजे प्रवाळांची रांग, आहे. धक्क्यावरून एक मोठं पाऊल टाकलं की थेट खोल पाण्यात, गोट्यांशी संबंधच नाही. परत येताना फिन्स आणि वजनं वर कुणाच्या तरी हातात द्यायची आणि शिडी चढायची. रोज दोन डाइव्ह असे केलेत तरी आठवडा वाया गेला असं वाटणार नाही. याच पट्ट्यातली बारी रीफ माशांच्या जातींच्या संख्येसाठी कॅरिबियनभर नावाजलेली आहे.

बाकीच्या ठिकाणी रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात आणि त्यावर जागेचं नाव. विमानतळासमोरचा ‘ते आमो’ हा वाळूचा किनारा पहिल्या दिवशी चांगला. सॉल्ट पिअर चुकवू नका. मिठाच्या जहाजांसाठीचा धक्का आहे, खांबांवर रंगीत स्पंज आणि मधून माशांचे थवे, खोली फारशी नाही. जहाज लागलेलं असेल त्या दिवशी तिथे उतरता येत नाही. ‘थाऊजंड स्टेप्स’ला प्रत्यक्षात साठ-सत्तरच पायऱ्या आहेत, पण टाकी पाठीवर घेऊन वर चढताना हजारच वाटतात, तेव्हा गुडघ्याचा विचार करून ती जागा तुम्ही सोडून द्या. हिल्मा हूकर हे बुडालेलं जहाज सगळे सुचवतील. 72 मीटर लांब, चोरकप्प्यात गांजा सापडला म्हणून अडकवून ठेवलेलं, आणि 1984 च्या सप्टेंबरमध्ये बुडालेलं. कथा झकास आहे, पण ते 30 मीटरच्या तळावर आडवं पडलंय आणि त्याची वरची बाजूच 18 मीटरच्या आसपास येते. ओपन वॉटरच्या मर्यादेत राहून वरून बघा. आत शिरायचा मोह नको.

किनाऱ्यावरून डाइव्ह करताना मार्गदर्शक नसतो, आणि तुम्हाला खरी काळजी याची हवी, लाटांची नव्हे. हॅवलॉकला नीमो रीफवर तुम्ही कदाचित किनाऱ्यावरूनच उतरला असाल, पण तेव्हा पुढे इन्स्ट्रक्टर होता आणि तुम्ही त्याच्या फिन्सकडे बघत पोहत होतात. इथे दिशा, हवा, खोली, वेळ सगळं तुमच्याकडे. सुदैवाने रचना सोपी आहे: जाताना उतार एका खांद्याला, येताना दुसऱ्या. आत शिरल्यावर मऊ प्रवाळ कुठे झुकलेत ते बघा, म्हणजे प्रवाह कुठून येतोय ते कळतं, आणि आधी प्रवाहाविरुद्ध जा. टाकीत 200 बार दाबाची हवा घेऊन निघालात तर दोघांपैकी ज्याची हवा आधी 120 वर येईल तिथून परत फिरा. उतारावर चढून येण्याची जागा ओळखायला तिथलं एखादं ठळक प्रवाळ किंवा बोयाचा दोर लक्षात ठेवा. वर आल्यावर उथळ पट्ट्यात रमतगमत पोहा, सेफ्टी स्टॉपही, म्हणजे वर येण्याआधी उथळात थोडं थांबणं, तिथेच होऊन जातो. इतके महिने पाण्यात गेला नसाल तर पहिला दिवस पैसे देऊन गाइड घ्या. हे पैसे वाचवण्यासारखे नाहीत. पोहोचल्यावर तिथल्या पाण्याची ओळख करून घेण्याचा एक डाइव्ह तसाही सक्तीचा असतो. त्यात वजन किती लागतंय ते नीट जमवून घ्या.

सागरी उद्यान 1979 पासूनचं आहे. भाल्याने मासे मारायला बंदी त्याच्याही आधी, 1971 मध्ये आली. उद्यानाची फी वर्षाला 40 डॉलर, आणि बेटावर येणाऱ्या परदेशी पाहुण्याला 75 डॉलरचा प्रवेशकर वेगळा. आकडे बदलत असतात, तिकिटं काढताना पुन्हा बघा. चलन अमेरिकन डॉलरच आहे. एक वाईट बातमीही सांगायला हवी: कडक प्रवाळांच्या ऊती झडणारा रोग 2023 मध्ये इथे पोहोचला, आणि मग उष्णतेने प्रवाळ पांढरे पडण्याचा फटकाही बसला. जुन्या व्हिडिओत दिसणारे मोठे मेंदूच्या आकाराचे प्रवाळ काही ठिकाणी आता मेलेले दिसतील. मासे, कासवं, स्पंज भरपूर आहेत. हा रोग पसरू नये म्हणून सामान निर्जंतुक करून धुण्याचे नियम दुकानात विचारून पाळा.

ट्रकबद्दल एवढंच की काचा खाली, दरवाजे उघडे, आत काहीही ठेवायचं नाही. पाण्यात असताना ट्रक चाळले जातात, आणि बंद काच असेल तर ती फुटते. फोन, पासपोर्ट हॉटेलात. किल्ली साधी धातूची घ्या, बीसीडीच्या खिशात राहते.

रात्रीच्या डाइव्हला हॉटेलच्या धक्क्याखालीच उतरा. मोठे टार्पन मासे तुमच्या टॉर्चच्या उजेडात शिकार करायला अंगाला घासून जातात. पहिल्यांदा दचकायला होतं. पौर्णिमेनंतरच्या दोन-चार रात्री, सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने, टॉर्च विझवून थांबलात तर ऑस्ट्राकॉड नावाचे इवलेसे जीव निळ्या ठिपक्यांच्या माळा सोडताना दिसतात. आठवडा निवडायला मोकळे असाल तर कॅलेंडर बघून निवडा.

आता कुरासाओ. पोर्टो मारी, कास अबाव हे तिथले किनारे वाळूचे, हळूहळू खोल होणारे. डाइव्ह दुकान किनाऱ्यावरच, सावलीला छपऱ्या, जेवण, स्वच्छतागृह. गुडघ्यासाठी यापेक्षा बरं काही नाही. ‘प्लाया लागून’ नावाच्या छोट्या खाडीत कासवं सहज दिसतात. काराकास बेजवळची बुडालेली टगबोट (जहाजं ओढणारी छोटी बोट) अवघ्या 5 मीटरवर आहे, तुम्हा दोघांना बुडालेली बोट बघायची हौस तिथे बिनधोक भागेल. शिवाय विलेमस्टॅड हे खरंखुरं शहर आहे, जुन्या रंगीत डच इमारती, बाजार, सुरिनामी रोटीही मिळते. तोटा एवढाच की चांगले किनारे लांब पश्चिमेला आहेत, दिवसातून दोनपेक्षा जास्त डाइव्ह होत नाहीत. पत्नीला सुट्टीत डाइव्हिंग सोडून आणखीही काही हवं असेल तर मी कुरासाओच निवडीन. दोघांनाही फक्त पाण्यातच राहायचं असेल तर धक्क्याचं हॉटेल घेऊन बोनेअर.

बाकी बेटं थोडक्यात. ग्रँड केमनला जॉर्ज टाउनजवळ शिड्यांवरून उतरण्याची उत्तम सोय आहे, पण खर्च डोळे पांढरे करतो. कोझुमेल कुणी सुचवलं तर नको म्हणा, ते प्रवाहातलं, बोटीवरचं डाइव्हिंग आहे. अरुबाची प्रसिद्ध जहाजंही बोटीनेच.

आणि व्हिसा. भारतीय पासपोर्टवर डच कॅरिबियनचा व्हिसा शेंगेनहून वेगळा आहे. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर सहसा सूट मिळते, पण एच-वन-बीवर असाल तर ती गृहीत धरू नका, डच वकिलातीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या कागदपत्रांसाठी काय लिहिलंय ते बघा. ते जुळत नसेल तर सेंट क्रॉय. अमेरिकन भूमी असल्याने वेगळा व्हिसा नाही, फक्त परतताना विमानतळावर कागद तपासतात, म्हणून पासपोर्ट आणि स्टेटसचे कागद जवळ हवेत. फ्रेडरिकस्टेडच्या धक्क्याखाली समुद्रघोडे दिसतात आणि केन बेला किनाऱ्यावरून पोहत जाऊन कडा गाठता येतो. पण हे बेट वादळांच्या वाटेत आहे, 2017 मध्ये मारियाने झोडपलं होतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळा.

तिकीट कोणत्याही बेटाचं काढा, शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान 18 तास, जमलं तर 24 तास ठेवा, आणि डाइव्हिंगचा विमा घ्या. बोनेअरच्या रुग्णालयात रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर होणाऱ्या दाबाच्या त्रासावर उपचार करणारी खोली) आहे, पण त्याचं बिल साध्या प्रवास विम्यात बसेलच असं नाही.