नातवाच्या शाळेने कॉन्फरन्स सोडली म्हणजे नेमकं काय झालं?

या वेळी खेळावरचे प्रश्न बरेच आलेत. त्यातला पहिला इतका वेगळा होता की बाकीचे त्याच्याच मागे लावून घेतले. सातबारा आणि गुडघेदुखीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत इंडियाना राज्यात हायस्कूलला आहे, बास्केटबॉल खेळतो. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला की आजोबा, आमची शाळा पुढच्या वर्षी कॉन्फरन्स बदलतेय, आता जुन्या शाळांशी मॅच नाहीत. तोंड पडलेलं होतं त्याचं. शाळेवर काही कारवाई झाली का? का खालच्या गटात ढकललं? — एक आजोबा, गंगापूर रोड

उत्तर : काका, कारवाई बिरवाई काही नाही, निवांत राहा. आपल्याकडे शाळेचा खेळ म्हटलं की तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी डोळ्यांपुढे येते आणि ती शिडी सरकार लावतं. तिकडची कॉन्फरन्स या शिडीत कुठेच बसत नाही. ती समजा बायकांच्या भिशीसारखी, आठ-दहा शाळा आपणहून एकत्र येतात, साधारण एकाच भागातल्या आणि पटसंख्येने एकमेकींच्या जवळपासच्या, आणि ठरवतात की दरवर्षी आपण सगळ्या एकमेकींशी खेळायचं. तारखा आधीच ठरलेल्या, शुक्रवारी रात्री कोण कोणाच्या गावाला जाणार ते ठरलेलं, पंचांचं ठरलेलं, शेवटी गुण मोजून कॉन्फरन्सचा चॅम्पियन आणि सगळ्या शाळांतून निवडलेली एक मानाची टीम.

राज्य स्पर्धा वेगळी. ती इंडियानात आयएचएसएए नावाची, 1903 मध्ये स्थापन झालेली शालेय खेळांची संस्था घेते, आणि तिचे गट तीच पाडते. तुमच्या नातवाची शाळा कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहे याचा राज्य स्पर्धेशी संबंध नाही, त्यामुळे त्याचं नुकसान काही नाही. फक्त ज्या पोरांशी दरवर्षी खुन्नस होती ती पोरं आता समोर नसतील, आणि त्या वयात तेच जास्त लागतं.

बाहेर काढतात का? हो, तसंही होतं कधी कधी. इंडियानापोलिसच्या एमआयसी नावाच्या कॉन्फरन्समध्ये आठ शाळा होत्या, सहा मॅरियन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) म्हणजे शहराच्या, आणि कार्मेल आणि सेंटर ग्रोव्ह या दोन शेजारच्या काउंट्यांमधल्या. 2022-23 चं वर्ष संपलं आणि या दोघी बाहेर, राहिलेल्या सहा आपापल्यात खेळायला लागल्या. गंमत अशी की या दोन्ही शाळा खेळात राज्यात एकदम वरच्या, कार्मेलमध्ये तर पाच हजारांच्या आसपास मुलं. म्हणजे चांगलं खेळता म्हणून जागा पक्की असं काही नाही. कॉन्फरन्स नसली की एकेक मॅच फोन करकरून स्वतः जमवायची आणि दीड-दोन तास बसने जायचं.

प्रश्न : मी शाळेत पीटी घेतो. ही ये-जा नक्की कोण ठरवतं? आणि शाळा काय दुकान आहे का जागा बदलायला, मग मेंबर इतके का बदलतात? — एक क्रीडाशिक्षक, सातपूर

उत्तर : सर, ठरवतात मुख्याध्यापक आणि शाळेच्या खेळाचे प्रमुख, ज्यांना तिकडे ॲथलेटिक डायरेक्टर म्हणतात. नवीन शाळा घ्यायची तर जुन्या शाळा मतदान करतात, सोडायची तर आधी कळवायचं कारण पुढच्या सीझनच्या मॅच ठरलेल्या असतात.

आणि का बदलतात, तर शाळा जागेवरच असते हो, तिच्या आजूबाजूचं गाव बदलतं. तुम्ही कारखान्यांच्या सातपूरचे आहात म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

इंडियानात नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स नावाची एक जुनी आणि फार मानाची कॉन्फरन्स आहे, 1926 ची. मन्सी, अँडरसन, मॅरियन, कोकोमो, रिचमंड, न्यू कॅसल, लफायेट, लोगनस्पोर्ट अशी तिची गावं. बहुतेक कारखान्यांची, म्हणजे काचेच्या बरण्या, गाडीचे गिअर, हेडलाइट, स्टार्टर असलं सगळं. मन्सी सेंट्रलने बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद 8 वेळा घेतलं, मॅरियननेही 8 वेळा. न्यू कॅसलचं शाळेचं इनडोअर मैदान हे देशातलं सगळ्यात मोठं हायस्कूल जिम म्हणून ओळखलं जातं, आठ-नऊ हजार माणूस बसेल एवढं. शाळेचं, बरं का.

आता एकटं अँडरसन बघा. जनरल मोटर्सचे कारखाने जोरात होते तेव्हा तिथे 20 हजारांहून जास्त लोक कामाला, आणि गावात तीन हायस्कूल, अँडरसन, मॅडिसन हाइट्स आणि हायलँड. तिन्हींच्या टीम, तिन्हींचे रंग वेगळे, बाजारात खुन्नस वेगळी. मग कारखाने एकेक करून बंद पडले किंवा हलले, माणसं गेली, माणसांबरोबर पोरं गेली. मॅडिसन हाइट्स 1997 ला बंद, हायलँड 2010 ला बंद, सगळी मुलं एका अँडरसनमध्ये. त्या दोन शाळा ऑलिंपिक नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये होत्या, तीही पुढे टिकली नाही. अँडरसनचं विगवॅम नावाचं जिम होतं, जवळपास नऊ हजार खुर्च्यांचं, ते 2011 ला बंद केलं, कारण एवढ्या मोठ्या हॉलचा खर्च भागवायचा कोणी. मन्सीमध्येही तेच, तिथली साउथसाइड शाळा 2014 ला सेंट्रलमध्ये मिसळली.

मग कॉन्फरन्सने काय करायचं? जागा रिकाम्या झाल्या, काही शाळा आता लहान पडायला लागल्या आणि आपल्या मापाच्या गटात गेल्या, न्यू कॅसलसारखी जुनी शाळाही बाहेर पडली, आणि लफायेटजवळच्या हॅरिसन आणि मॅक्कचन या वाढत्या शाळा आत आल्या. म्हणजे नाव तेच, माणसं बदललेली. कॉन्फरन्सच्या मेंबरांची यादी वर्षावर्षाने एकाखाली एक ठेवली ना, की त्या भागातला कुठला कारखाना कधी गेला आणि नवीन कॉलनी कुठे झाली ते सरळ वाचता येतं. मला विचाराल तर स्कोअरबोर्डपेक्षा ही यादी जास्त इंटरेस्टिंग आहे.

टेक्सासमध्ये मात्र रीत उलटी. तिथे यूआयएल ही राज्याची संस्था दर दोन वर्षांनी सगळ्या सरकारी शाळांचा पट मोजते आणि स्वतःच गट पाडते, सगळ्यात लहान 1ए, सगळ्यात मोठ्या 6ए. शाळेला आवडो न आवडो. फेब्रुवारीत यादी जाहीर होते त्या दिवशी सगळे कोच मोबाइलला चिकटलेले असतात.

प्रश्न : आमच्या सरांनी सांगितलं की अमेरिकेत एका खेड्यातल्या 161 मुलांच्या शाळेने मोठ्या शहराला हरवलं होतं. खरंय का? ती शाळा त्याच कॉन्फरन्समधली होती का? — इयत्ता नववी, पंचवटी

उत्तर : एकदम खरं. मिलान नावाचं गाव, वस्ती हजारभर, 1954 साल. आणि समोर कोण, तर वर सांगितलेली नॉर्थ सेंट्रलवाली मन्सी सेंट्रल, मिलानच्या दहापट मोठी शाळा! एका कॉन्फरन्समध्ये या दोघी कधीच आल्या नसत्या. पण तेव्हा राज्य स्पर्धेत लहान-मोठं असा गटच नव्हता, 751 शाळा एकाच ड्रॉमध्ये.

फायनलला चौथ्या क्वार्टरमध्ये मिलान दोन पॉइंटनी मागे, आणि बॉबी प्लंप नावाचा पोरगा बॉल घेऊन चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ नुसता उभा. मागे असताना! तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बॉल टाकायलाच लावणारं घड्याळ, नव्हतं म्हणून चालून गेलं. शेवटी 30-30 झालं आणि त्याच पोराने शेवटच्या क्षणी बॉल टाकला, 32-30. तुमच्या सरांना आता हे पण सांग की 1959 मध्ये इंडियानाने शाळा एकत्र करण्याचा कायदा केला, त्यानंतर मिलानसारख्या शेकडो छोट्या शाळा मोठ्या शाळांत विरघळल्या, आणि 1997-98 पासून बास्केटबॉललाही पटसंख्येप्रमाणे चार गट आले. त्यामुळे आता मिलान आणि मन्सी फायनलला समोरासमोर येऊच शकत नाहीत. यावर तिकडची म्हातारी माणसं अजून वाद घालतात. मी म्हाताऱ्यांच्या बाजूने.

प्रश्न : हे सगळं छान, पण आपण होऊन गट करायचा म्हटलं की कोणाला घ्यायचं नाही हेही आलंच. काळ्या मुलांच्या शाळांचं काय होतं? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : बरोबर बोट ठेवलंत. आणि तिथे तर कॉन्फरन्सच्या आधी राज्याच्या संस्थेचंच दार बंद होतं. इंडियानापोलिसला क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल 1927 मध्ये सुरू झालं, फक्त काळ्या मुलांसाठी. आयएचएसएएने अशा शाळांना आणि कॅथलिक शाळांना 1942 पर्यंत मेंबर करूनच घेतलं नाही, म्हणजे राज्य स्पर्धा नाही, आणि रोजच्या मॅचसाठी दूरदूरच्या दुसऱ्या काळ्या शाळा शोधत फिरायचं. शाळेचं जिम एवढंसं, प्रेक्षक बसवायला जागा नाही, म्हणून घरच्या मॅचसुद्धा दुसऱ्याच्या मैदानावर.

1954 ला राज्य स्पर्धेत फायनलच्या वाटेवर ॲटक्सला मिलाननेच हरवलं, 65-52. टीममध्ये दहावीतला एक उंच पोरगा होता, ऑस्कर रॉबर्टसन, जो पुढे एनबीएचा, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, फार मोठा खेळाडू झाला. पुढच्याच वर्षी, 1955 ला, ॲटक्सने राज्य जिंकलं. सगळ्यांसाठी खुली असलेली राज्य स्पर्धा जिंकणारी देशातली पहिली पूर्ण काळ्या मुलांची शाळा. फायनलला समोर गॅरी गावची रूझवेल्ट शाळा, तीही काळ्या मुलांचीच. जिंकल्यावर मिरवणूक निघाली ती मुख्य चौकात थांबू न देता काळ्या वस्तीतल्या बागेकडे नेली. रॉबर्टसनला ते आयुष्यभर खुपलं. 1956 ला परत जिंकले, एकही मॅच न हरता.

टेक्सासमध्येही तेच, काळ्या शाळांची वेगळी लीग 1920 पासून 1970 पर्यंत चालली, नंतर यूआयएलमध्ये मिसळली.

प्रश्न : मुलींच्या टीम पण असतात का यात? — एक आई, सिडको

उत्तर : ताई, आता असतात, पन्नास वर्षांपूर्वी जवळपास नव्हत्या. 1972 मध्ये टायटल नाइन कायदा आला, सरकारी पैसा घेता तर मुलींना डावलता येणार नाही असा. 1971-72 ला सगळ्या अमेरिकेत हायस्कूलच्या खेळात साधारण 2 लाख 94 हजार मुली होत्या, आता 34 लाखांच्या आसपास आहेत.

प्रश्न : आपल्या नाशिकला असं काही करता येईल का? आमची खो-खोची टीम वर्षभर घाम गाळते आणि एका मॅचमध्ये घरी येते. — एक प्रशिक्षक, सिन्नर

उत्तर : सर, हे दुखणं सगळ्यांचंच आहे. आपली पद्धत बाद पद्धत. टीम तालुक्यातून पहाटे क्रूझर करून निघते, पीटीच्या सरांच्या पिशवीत बोनाफाईड, जन्मतारखेचे दाखले आणि ओळखपत्रं, स्टेडियमवर दोन तास नंबरची वाट बघायची, आणि डावाने हरलं की वडापाव खाऊन दुपारी परत. झालं वर्ष. चौदा, सतरा, एकोणीस तिन्ही वयोगटांत हेच. आणि आपल्याकडे कोण कोणाशी खेळणार हे शाळा नाही ठरवत, हद्द ठरवते. नाशिक मनपाची स्पर्धा वेगळी, ग्रामीणची वेगळी, मालेगाव मनपाची वेगळी. 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला तेव्हा तिकडच्या शाळांचा जिल्हाही एका दिवसात बदलला, कोणी मत विचारलं नाही.

करता येईल का, तर येईल, आणि कोणाची परवानगी लागत असेल तर ती फक्त तुमच्या मुख्याध्यापकांची. ज्या शाळा एका तासात एकमेकींकडे पोचतात अशाच घ्या, सिन्नर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सिडको. मालेगाव शंभर किलोमीटरच्या वर आहे, मोह टाळा. आठ शाळा झाल्या तर प्रत्येकीला सात मॅच, एकूण 28, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर. सरकारी स्पर्धा उरकल्यावर डिसेंबर-जानेवारी हाच काळ मिळेल, फेब्रुवारीत दहावीवाले हाताला लागत नाहीत.

अडचण कुठे येईल ते आधीच सांगतो. पालक विचारणार, दहावीला याचे वाढीव गुण मिळतात का. नाही मिळणार, हे पहिल्या मीटिंगलाच सांगून टाका. दुसरं, सगळ्या तगड्या टीम एकत्र घेऊ नका, आणि दोन शाळांचं भांडण असेल तर दोघींना घ्या, प्रेक्षक तिथेच येतात. तिसरं म्हणजे शाळा सोडून जायची झाली तर एक वर्ष आधी लेखी कळवायचं, हे पहिल्याच वर्षी कागदावर घ्या, नाहीतर जानेवारीत एक शाळा गायब होते आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. प्रवेश फी ठेवू नका, पंचांचं मानधन आणि पोहे-चहा ज्या शाळेचं मैदान तिने बघायचं.