पाकिटावरचं बोंड नंदीवर

प्रश्न: मी यवतमाळकडच्या खेड्यात भिंतीवर बियाण्याच्या जाहिराती रंगवतो, यंदा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर पाकिटावरचं कपाशीचं बोंड काढलं तर लोक म्हणतात ही काय कला आहे का बाप्पा?

उत्तर: आहे ना दादा, शंभर टक्के! अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल १९५० च्या दशकात न्यूयॉर्कला बुटांच्या जाहिरातीच काढायचा, ओल्या शाईची रेघ दुसऱ्या कागदावर दाबून उठवायचा, ती तुटक रेघ मला फार आवडते, अन् मग १९६२ ला त्याची दुकानातल्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रं गॅलरीत लागली. फक्त बोंड पाकिटावरचं नका उतरवू, आपल्या वावरातलं घ्या, पावसानं पिवळा पडलेला कापूस नंदीच्या गोल पोटावर वळू द्या. रेघ मात्र भिंतीवरचीच ठेवा, जाड अन् ठसठशीत.