पागोळीखालचा आकडा

जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातावरच्या लेखानंतर कोकणातून बरेच प्रश्न आले. त्यातले चार घेतो.

राजापूर : घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. तसा अपघात झाला तर घरात किरणोत्सर्ग किती असेल?

जपानमध्ये लाकडी घरात बाहेरच्या ०.४ पट मात्रा धरली होती. वीट-दगडाच्या घरासाठी साधारण ०.२ धरतात. जांभ्याची जाड भिंत म्हणजे चांगलीच आड झाली. घात करतं ते छप्पर. अपघातात हवेत सुटलेलं आणि पावसाबरोबर उतरलेलं किरणोत्सर्गी सीझियम कौलांवर बसतं, आणि आपल्या कौलांवरचं शेवाळ ते धरून ठेवतं. त्यामुळे माजघरापेक्षा माळ्यावर आकडा जास्त दिसू शकतो. अंगणात मोजायचंच तर पन्हळीचं पाणी पडतं तिथे आणि पागोळीच्या रेषेत मोजा. फुकुशिमातही पन्हळींखालची माती आसपासच्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त दूषित सापडली.

दापोली : किरणोत्सर्ग मोजायचा मीटर धरायचा कसा?

खोलीच्या मधोमध, जमिनीपासून १ मीटरवर. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, म्हणजे धूळ चिकटणार नाही. आकडा स्थिरावू द्या, पाच वेळा नोंदवा, सरासरी काढा. वहीत जागा, उंची, वेळ आणि पाऊस होता का, हेही लिहा. नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. जोराची सर आली की जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूपासून हवेत तयार झालेले कण खाली येतात आणि मीटर चढतो. एकदोन तासांत उतरतो. तेवढ्यावरून गावभर बोंब नको!

पालघर : ०.२३ च्या खाली म्हणजे सुरक्षित ना?

फुकुशिमानंतर जपानने सफाईसाठी धरलेला तो मायक्रोसिव्हर्ट प्रति तासाचा आकडा (सिव्हर्ट हे मात्रेचं एकक; हजार मायक्रो म्हणजे एक मिलि) सुरक्षिततेची रेघ नव्हे, हिशोब आहे. माणूस ८ तास बाहेर, १६ तास लाकडी घरात असं धरून वर्षाला १ मिलिसिव्हर्ट जादा मात्रा होईल तो दर ०.१९, त्यात तिथला नैसर्गिक ०.०४ मिळवला की ०.२३. आपल्याकडचा नैसर्गिक आकडा वेगळा असणार. म्हणून मीटर घ्यायचाच असेल तर आजच घ्या आणि आजच मोजून ठेवा. अपघातानंतर घेतलेल्या मीटरला तुलना कशाशी करायची तेच ठाऊक नसतं.

मालवण : बांगडे तपासता येतील?

टोपलीवर मीटर धरून नाही. नमुना शिशाच्या आवरणात ठेवून बराच वेळ मोजावा लागतो. ते काम प्रयोगशाळेचं.