हिशेब चोख आहे, पण देव दिसत नाही

प्रश्न : आम्ही पती-पत्नीने कष्टाने व्यवसाय उभा केला. पूर्वी मुलांच्या फीसाठीसुद्धा गुडघे टेकावे लागत आणि त्या प्रार्थनेत देव अगदी जवळ वाटे. आज कशाचीही ददात नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या कामासाठी वेळेवर देतो, मंडळीच्या (चर्चच्या) कामालाही मोठी देणगी दिली आहे. तरी गेली तीन वर्षे प्रार्थनेला बसले की समोर भिंत असल्यासारखे वाटते. पती म्हणतात, समृद्धी हाच आशीर्वाद, आणखी काय हवे? देवाने मला सोडले आहे, की मीच आंधळी झाले आहे? सर्व काही विकून टाकावे का?

प्रिय भगिनी,

तुमचे चार पानी पत्र मी तीनदा वाचले. देवाने तुम्हाला सोडले आहे असे मला वाटत नाही. अंधत्वाची तुमची शंका मात्र मला खरी वाटते, आणि ती तुमच्याच मनात आली याचा आनंद वाटतो. कारण बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, दोष देतो तो आंधळेपणाबद्दल नव्हे, 'आम्हाला दिसते' असे म्हणण्याबद्दल.

फीच्या दिवसांत देव जवळ वाटे याचे कारण तुम्ही तेव्हा अधिक पवित्र होता असे नाही. तेव्हा ठोठावायला दुसरे दारच नव्हते. आता प्रत्येक अडचणीला पैशाचे दार आधी उघडते आणि देवाच्या दारापर्यंत जाण्याची वेळच येत नाही. हे कोणाचेही होते. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात ज्या लावदिकिया शहरातील मंडळीला प्रभूने आंधळी म्हटले, ते शहर इ.स. 60 च्या भूकंपात कोसळले होते आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने पुन्हा उभे राहिले, असे इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. अशा गावातल्या विश्वासणाऱ्यांच्या तोंडी 'मला काही उणे नाही' हे वाक्य किती सहज आले असेल! बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना हाच इशारा देतो, की चांगली घरे बांधाल, सोनेरुपे वाढेल, तेव्हा हे धन माझ्या हाताच्या बळाने मिळाले असे मनात म्हणाल. मोशे संपत्तीला शाप म्हणत नाही, ती देणारा देवच आहे असेही तो तिथेच सांगतो. त्यामुळे तुमच्या पतींचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि त्यांच्याशी यावरून वाद घालू नका.

आता तुमच्या पत्रातील एका ओळीकडे वळते, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. दशांशाचा हिशेब सांगताना तुम्ही म्हणता, की घरकामाला येणाऱ्या बाईंनी या वर्षी दोनदा उचल मागितली, तुम्ही लगेच दिली आणि वहीत नोंदही केली. उचल कशासाठी हवी होती, हे चार पानांत कुठेही नाही. मला वाटते, ते तुम्ही विचारलेच नसावे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत माणसाने दारात पडलेल्या लाजर नावाच्या गरिबाला मारले किंवा हाकलले असे येशू सांगत नाही. मला त्या गोष्टीतले एक वाक्य नेहमी अस्वस्थ करते. दोघेही मेल्यावर लाजर पूर्वज अब्राहामाजवळ सुखात असतो, आणि यातना भोगताना हा श्रीमंत अब्राहामाला विनवतो, की लाजराला पाठव, तो पाण्यात बोट बुडवून माझी जीभ थंड करील. म्हणजे त्याला लाजराचे नाव ठाऊक होते! रोज येताजाता त्याने त्याला पाहिले होते, नावाने ओळखले होते, आणि तरीही त्याच्या लेखी लाजर शेवटपर्यंत निरोप्याच राहिला. श्रीमंतीचे अंधत्व बहुधा असेच असते. देव दिसेनासा होण्याच्या बरेच आधी माणसे दिसेनाशी होतात, आणि पैसे दिले की आपला संबंध पुरा झाला असे वाटू लागते. तुम्ही भिंत प्रार्थनेच्या खोलीत शोधता आहात. मला ती स्वयंपाकघराच्या दाराशी दिसते.

सर्व विकावे का? मार्कच्या दहाव्या अध्यायात एका श्रीमंताला येशूने तसे सांगितले आणि तो खिन्न होऊन गेला. जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन म्हटले, आणि येशूने उरलेल्या अर्ध्याची चौकशी केली नाही. तेव्हा सर्वांना एकच आकडा लागू नाही. पण या वाक्याच्या आड लपूही नका. विकण्याच्या नुसत्या विचाराने छातीत काय होते ते प्रामाणिकपणे पाहा, कारण धन कुणाच्या ताब्यात आहे हे तिथेच कळते. मोठा निर्णय आज नको. अपराधीपणाच्या भरात दिलेली देणगी ही पुन्हा वहीतली एक नोंदच ठरेल.

प्रार्थनेला बसाल तेव्हा लांबलचक शब्दांची गरज नाही. मार्कच्या त्याच दहाव्या अध्यायाच्या शेवटी आंधळा बार्तीमय अंगावरचे वस्त्र टाकून येशूकडे धावतो आणि एवढेच मागतो, की मला दृष्टी यावी. तेवढेच मागा, रोज मागा. लगेच सर्व लख्ख दिसले नाही तरी घाबरू नका. बेथसैदाच्या आंधळ्यालाही पहिल्या स्पर्शानंतर माणसे चालत्या झाडांसारखी दिसली होती, आणि येशूने त्याच्या डोळ्यांवर दुसऱ्यांदा हात ठेवले. झोप आणि भूकही उडाली असेल, तर डॉक्टरांनाही अवश्य भेटा.

उद्या त्या बाई येतील तेव्हा घरीच थांबा. काम सुरू होण्याआधी त्यांना खुर्ची द्या, समोर बसा आणि उचल कशासाठी लागली होती ते विचारा. त्या बोलत असताना वही उघडू नका. त्यांनी जे सांगितले ते रात्री देवाला सांगा, आणि मग मला पुन्हा लिहा.

तुमची,
ताई